पीटर ग्रंथालयात कसा आला?

(ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



या अभ्यासवर्गाच्या संयोजकांनी मला 'सार्वजनिक खर्च आणि ग्रंथालये' असा विषय दिला आहे. आयुष्यभर सार्वजनिक आयव्यय शिकविलेल्या माणसाकडून अंदाजपत्रकाच्या तक्त्यांची अपेक्षा करणे स्वाभाविकच आहे. परंतु दुपारच्या जेवणानंतर तक्ते मांडले तर श्रोत्यांचे काय होते याचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे. म्हणून आज मी आकड्यांकडे एका चित्रकाराच्या वाटेने जाणार आहे.

जुलै १९६३ मध्ये शिकागो येथे अमेरिकन ग्रंथालय संघाचे वार्षिक अधिवेशन भरले होते. त्या अधिवेशनात मुलांसाठी काम करणाऱ्या ग्रंथपालांच्या विभागाने एझ्रा जॅक कीट्स या लेखक-चित्रकाराला कॉल्डिकॉट पदक दिले. आदल्या वर्षातील सर्वोत्कृष्ट अमेरिकन चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला हे पदक १९३८ पासून देण्यात येते. निवड ग्रंथपालांनीच करावयाची, पदक ग्रंथपालांच्याच अधिवेशनात, मेजवानीच्या प्रसंगी द्यावयाचे आणि मग चित्रकाराने उभे राहून चार शब्द बोलावयाचे, असा तेथला प्रघात आहे. साहित्यिकांचा मेळावा नव्हे, प्रकाशकांचा बाजार नव्हे. मुलांच्या हाती रोज पुस्तके देणाऱ्या पगारदार माणसांची ती सभा असते, हे मी मुद्दाम सांगतो. त्याकडे मला पुन्हा यावयाचे आहे.

पुस्तकाचे नाव होते 'द स्नोई डे'. त्यात कथा म्हणावी तर जवळजवळ नाहीच. बर्फ पडलेल्या सकाळी पीटर नावाचा लहान मुलगा तांबडा कोट घालून घराबाहेर पडतो, बर्फात पावले उमटवतो, काठीने झाडावरचा बर्फ पाडतो. मोठ्या मुलांच्या खेळात शिरावे असे त्याला वाटते, पण आपण अजून तेवढे मोठे नाही हे ओळखून तो मागे सरतो. घरी येताना बर्फाचा एक गोळा उद्यासाठी खिशात ठेवतो. तो अर्थातच विरघळतो. एवढेच. मात्र हा पीटर कृष्णवर्णीय आहे. पुस्तकातील एकाही शब्दाने ते सांगितलेले नाही. चित्रात दिसते, तेवढेच. आणि कृष्णवर्णीय मूल नायक असलेल्या चित्रपुस्तकाला हे पदक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

हा चित्रकार कोण? त्याचे मूळ नाव जेकब एझ्रा कॅट्झ. पोलंडहून आलेल्या ज्यू दांपत्याचा हा मुलगा १९१६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील गरीब वस्तीत जन्मला. वडील ग्रीनिच व्हिलेजमधील एका खानावळीत वाढपी होते. चित्रकार उपाशी मरतात अशी बापाची ठाम समजूत, आणि ती निराधार होती असे कोण म्हणेल? तरीही तो मुलासाठी रंगाच्या नळ्या विकत आणी आणि एका भुकेल्या चित्रकाराने त्या वाटीभर सूपच्या बदल्यात दिल्या असे खोटेच सांगे. १९३५ मध्ये मुलाच्या शालान्त पदवीदान समारंभाच्या आदल्या दिवशी हा बाप हृदयविकाराने गेला. प्रेताची ओळख पटविण्यासाठी मुलाला जावे लागले. बापाच्या पाकिटात त्याला जीर्ण झालेली वर्तमानपत्राची कात्रणे सापडली. मुलाला चित्रकलेत मिळालेल्या बक्षिसांच्या बातम्यांची.

चित्रकला शिकण्यासाठी त्याला शिष्यवृत्त्या मिळाल्या होत्या, पण घरची चूल पेटविण्याचा प्रश्न होता. महामंदीचा तो काळ. रूझवेल्ट सरकारने बेकार कलावंतांसाठी काढलेल्या योजनेत त्याने भित्तिचित्रे रंगविली. पुढे चित्रकथांच्या मासिकांसाठी पार्श्वभूमी काढून दिली, युद्धकाळात सैन्यात शत्रूला चकविणारी रंगयोजना आखली. युद्ध संपले, नाझी छळछावण्यांचे सत्य जगापुढे आले. तरी खुद्द अमेरिकेत ज्यू नाव नोकरीच्या आड येतच होते. १९४७ मध्ये त्याने कॅट्झचे कीट्स केले. नाव बदलून पोट भरणे म्हणजे काय हे आपल्या समाजाला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

पुढे तो इतरांनी लिहिलेल्या बालपुस्तकांसाठी चित्रे काढू लागला. हाती येणाऱ्या संहितांमध्ये कृष्णवर्णीय मूल कधी नायक नसते, असलेच तर कोपऱ्यात उभे असते, हे त्याच्या ध्यानात येत गेले. १९४० च्या सुमारास 'लाइफ' साप्ताहिकातून त्याने चार छायाचित्रांची एक पट्टी कापून ठेवली होती. जॉर्जिया राज्यातील एक चिमुकला मुलगा रक्ततपासणीच्या सुईला सामोरा जात आहे. आधी कुतूहल, मग रडू. वीस वर्षांहून अधिक काळ ती पट्टी त्याच्या भिंतीवर येत-जात राहिली. स्वतः लिहून स्वतःच चित्रे काढण्याची संधी आली तेव्हा त्याने त्या मुलाला पुस्तकात बसविले. त्याची भूमिका साधी होती : हा मुलगा तेथे आधीपासूनच असावयास हवा होता.

चित्रे काढण्याची त्याची रीत मला, कलेतले काही कळत नसताना, फार भावली. रंगाबरोबर त्याने कागदाचे आणि कापडाचे कपटे चिकटविले. खोडरबराचे ठसे करून हिमकण छापले, दात घासण्याच्या ब्रशने शाई शिंपडून पार्श्वभूमी केली, आईच्या झग्यासाठी कपाटात अंथरण्याचे मेणकापड वापरले. गरिबाच्या घरात जे पडलेले असते त्यातून बर्फाची ती सकाळ उभी राहिली.

आता पुन्हा शिकागोकडे वळू. १९६३ चा तो उन्हाळा आठवा. मे महिन्यात बर्मिंगहॅम येथे निदर्शने करणाऱ्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी कुत्री सोडली होती आणि पाण्याचे बंब रोखले होते. जूनमध्ये मिसिसिपीत मेडगर एव्हर्स यांची घरासमोर हत्या झाली. ऑगस्टच्या २८ तारखेला वॉशिंग्टनवर मोर्चा निघावयाचा होता. या दोहोंच्या मध्ये जुलैत ग्रंथपालांचे अधिवेशन, आणि त्यात तांबड्या कोटातील पीटरला पदक.

याच अधिवेशनापुढे एक अहवालही आला होता. त्याचे नाव 'सार्वजनिक ग्रंथालयांतील प्रवेश'. ग्रंथालय संघानेच तो तयार करवून घेतला होता. दक्षिणेतील कित्येक गावांत कृष्णवर्णीय नागरिकांना ग्रंथालयाची दारे बंद होती किंवा अर्धवट उघडी होती, हे त्यात होतेच. मार्च १९६१ मध्ये मिसिसिपीतील जॅक्सन येथे टूगालू महाविद्यालयाचे नऊ विद्यार्थी गोऱ्यांच्या ग्रंथालयात जाऊन वाचीत बसले म्हणून त्यांना अटक झाली होती. वाचीत बसणे हा गुन्हा! दक्षिणेबद्दलचे हे निष्कर्ष कोणाला फारसे खटकले नाहीत. परंतु उत्तरेतील शहरांतही, कायद्याने कसलाही मज्जाव नसताना, कृष्णवर्णीय वस्त्यांच्या वाट्याला शाखा आणि पुस्तके कमी येतात असे जेव्हा अहवालाने म्हटले, तेव्हा मोठा गदारोळ झाला. दोष दुसऱ्याच्या अंगणात असेपर्यंत आपण सारेच पुरोगामी असतो.

म्हणजे चित्र असे दिसते : पुस्तकातला पीटर देशातील कोणत्याही ग्रंथालयात सन्मानाने प्रवेश करणार होता आणि पीटरसारखा हाडामांसाचा मुलगा मात्र त्यांतील अनेकांत शिरू शकत नव्हता.

या संघाचा स्वतःचा इतिहासही स्वच्छ नव्हता. १९३६ मध्ये त्याचे अधिवेशन व्हर्जिनियातील रिचमंड येथे झाले, तेव्हा कृष्णवर्णीय ग्रंथपालांना सभेत वेगळ्या जागी बसविण्यात आले आणि जेथे जेवण होते त्या कार्यक्रमांना त्यांना प्रवेश नव्हता. निषेध झाला, आणि अशी वागणूक मिळते तेथे यापुढे अधिवेशन भरवावयाचे नाही असे संघाने ठरविले. राज्य पातळीवरील काही शाखा मात्र त्यानंतरही वर्षानुवर्षे केवळ गोऱ्यांच्याच राहिल्या. ई. जे. जोसी या कृष्णवर्णीय ग्रंथपालाने १९६४ च्या सेंट लुई अधिवेशनात उभे राहून ठराव मांडला, की अशा शाखांच्या सभांना संघाच्या पदाधिकाऱ्यांनी जाऊ नये. तो मंजूर झाला. दुसऱ्या वर्षी जॉर्जियाच्या ग्रंथालय संघटनेचे ते पहिले कृष्णवर्णीय सभासद झाले. ठरावांना काय अर्थ असतो असे आपले तरुण कार्यकर्ते मला विचारतात, तेव्हा मी हे उदाहरण देतो.

आता अर्थशास्त्र. १९६५ च्या सप्टेंबरमध्ये नॅन्सी लॅरिक या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी 'सॅटर्डे रिव्ह्यू'त एक लेख लिहिला. १९६२ ते १९६४ या तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तके त्यांनी हिशेबात घेतली. त्यांपैकी एक तरी कृष्णवर्णीय व्यक्ती चित्रात किंवा मजकुरात असलेली पुस्तके निघाली ३४९, म्हणजे शेकडा ६.७. आणि त्या काळातील अमेरिकन कृष्णवर्णीयांच्या जीवनावरची पुस्तके तर शेकडा एकाहूनही कमी. दक्षिणेतले गिऱ्हाईक दुरावेल ही प्रकाशकांची धास्ती. याच लेखात त्यांनी कीट्सच्या पुस्तकावरही टीका केली : पीटरचा वर्ण शब्दांनी का सांगितला नाही, आणि त्याची आई स्थूल, भडक झग्यातील का रंगविली? कीट्स दुखावला, त्याने उत्तर दिले. चित्र हाही पुस्तकाचा मजकूरच असतो हे त्याचे म्हणणे मला पटते. आईविषयीची टीका मात्र मी झटकून टाकणार नाही. ज्यांचे चित्र काढले जाते त्यांना चित्र काढणाऱ्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार असतोच. चित्रकार कितीही सहृदय असो.

पण माझा मुद्दा वेगळा आहे. कृष्णवर्णीय मुलांना पुस्तके नको होती का? तसे मुळीच नाही. १९२० साली डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी, जेसी फॉसेट या बाईंच्या संपादनसाहाय्याने, 'द ब्राउनीज बुक' नावाचे मुलांचे मासिक काढले होते. लँग्स्टन ह्यूजच्या सुरुवातीच्या कविता त्यात आल्या. दोन वर्षांत २४ अंक निघाले आणि पैशाअभावी ते बंद पडले. गरज होती, लेखक होते, वाचक होते. नव्हती ती क्रयशक्ती. बाजाराला गरज ऐकू येत नाही, त्याला फक्त खिशातल्या पैशाचा आवाज ऐकू येतो. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षी आम्ही हेच 'परिणामकारक मागणी' या भारदस्त नावाने शिकवतो. गरीब मुलाची गरज मागणी व्हावयाची असेल तर त्याच्या वतीने कोणीतरी पैसे मोजणारा हवा. सार्वजनिक ग्रंथालय हा तो पैसे मोजणारा.

१९६५ च्या एप्रिलमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने शालेय शिक्षणाचा नवा कायदा झाला. त्याच्या एका प्रकरणाखाली शाळांची ग्रंथालये आणि शैक्षणिक साहित्य यांसाठी दहा कोटी डॉलर ठेवण्यात आले. जे प्रकाशक कालपर्यंत 'अशी पुस्तके खपत नाहीत' म्हणत होते, त्यांना ती खपू शकतात असे एकाएकी दिसू लागले. त्यांचे हृदयपरिवर्तन झाले असे मी म्हणणार नाही; गिऱ्हाईक बदलले.

मात्र पैसा आला म्हणजे सारे झाले, असेही नाही. १९६९ मध्ये अटलांटिक सिटी येथील अधिवेशनात ग्लिंडन ग्रिअर आणि मेबल मॅकिसिक या दोन ग्रंथपाल बाई एका प्रकाशकाच्या टेबलाशी भेटल्या. बोलता बोलता विषय निघाला, की इतक्या वर्षांत या दोन्ही मोठ्या पदकांपैकी एकही कोणा कृष्णवर्णीय लेखकाला किंवा चित्रकाराला मिळालेले नाही. तेथे शेजारी उभे असलेले प्रकाशक जॉन कॅरल म्हणाले, मग तुम्हीच एक पुरस्कार का सुरू करीत नाही? त्यातून कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार निघाला. पहिला १९७० मध्ये देण्यात आला. ग्रंथालय संघाने त्याला अधिकृत मान्यता दिली ती १९८२ मध्ये. मधल्या काळात १९७५ साली व्हर्जिनिया हॅमिल्टन यांना न्यूबेरी पदक मिळाले आणि १९७६ साली लिओ डिलन यांना, पत्नी डायान यांच्यासह, कॉल्डिकॉट. अधिवेशनांत खरे काम व्यासपीठावर कमी आणि टेबलांच्या आसपास जास्त होते, हे मी स्वतः अनेक अधिवेशने पाहून सांगतो.

पैसा आटला तर काय होते? विस्कॉन्सिन विद्यापीठातील बालपुस्तक केंद्राने १९८५ सालची मोजदाद केली. त्या वर्षी निघालेल्या सुमारे २,५०० बालपुस्तकांपैकी कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची पुस्तके होती १८. वीस वर्षांच्या लढ्यानंतर अठरा! पुढे आकडे सुधारले. पण मार्च २०२५ मध्ये ग्रंथालयांना केंद्रीय निधी देणारी संस्थाच मोडीत काढण्याचा आदेश अमेरिकेच्या अध्यक्षांनी काढला आणि अनेक राज्यांना त्याविरुद्ध न्यायालयात जावे लागले. कमावलेले हक्क अंदाजपत्रकाच्या एका ओळीत राहतात.

ग्रंथपालांची फार स्तुती झाली असे वाटत असेल तर दुसरी बाजूही सांगतो. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाच्या बालविभागाच्या प्रमुख ॲन कॅरल मूर या मोठ्या कर्तबगार बाई. मुलांची ग्रंथालये ही कल्पनाच त्यांनी रुजविली. पण त्यांना 'गुडनाइट मून' हे पुस्तक आवडले नाही. १९४७ साली निघालेले ते पुस्तक त्या निवृत्त झालेल्या असूनही, त्यांच्या वजनामुळे, त्या ग्रंथालयाने १९७२ पर्यंत घेतलेच नाही. उलट, त्याच ग्रंथालयाने २०२० मध्ये आपल्या सव्वाशे वर्षांत सर्वाधिक वेळा घरी नेल्या गेलेल्या पुस्तकांची यादी केली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर होते 'द स्नोई डे', ४,८५,५८३ वेळा. दार उघडणारा हात दार लावूही शकतो. म्हणून मूर बाईंच्या जागी कोण बसते हा राजकीय प्रश्न आहे. १९६१ मध्ये त्या ग्रंथालयाच्या बालसेवेची सूत्रे ऑगस्टा बेकर या कृष्णवर्णीय बाईंकडे आली. हार्लेममधील शाखेत मुलांना देण्यासारखी पुस्तके नाहीत हे पाहून त्यांनी १९३९ पासूनच वेगळा संग्रह उभारण्यास सुरुवात केली होती. पीटरला पदक मिळण्याआधी अशी माणसे पंचवीस वर्षे खपत होती.

हे सारे मला कशासाठी आठवले ते सांगतो. माझे वडील यंत्रमागावर होते. १९६८ च्या सुमारास आमच्या तालुक्याच्या गावी वाचनालय होते; गावाचे नाव सांगत नाही. वर्गणी माफक होती, पण अनामत पाच रुपये. ते पाच रुपये आमच्या घरी कधी जमले नाहीत. तेथे बसून वर्तमानपत्र वाचण्यास मला कोणी मना केली नाही. पुस्तकांच्या कपाटाला काच होती. त्या काचेतून पुस्तकांची पाठची नावे मी पाठ केली होती. जातीने कोणी अडविले नव्हते, अनामतीने अडविले, एवढेच. आणि अनामत कोणाला जड जाते हे जात पाहूनच ठरत होते, हे समजावयास मला अर्थशास्त्राची पदवी घ्यावी लागली.

आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच ग्रंथालयांचा कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालय कराची तरतूद नाही. सारा डोलारा वर्गवारीप्रमाणे मिळणाऱ्या अनुदानावर. राज्यात हजारो अनुदानित ग्रंथालये आहेत, ही लहान गोष्ट नव्हे. पण त्यांतील बहुतेकांच्या सेवकांना जे मानधन मिळते त्यात संसार चालत नाही, हे या सभागृहात बसलेल्यांना मी काय सांगावे? ज्याला दुसरे काम करून पोट भरावे लागते, त्याने मुलांची नवी पुस्तके वाचून पारखावीत कधी?

आणि सार्वजनिक खरेदी आपल्याकडेही आहेच. १९७२ मध्ये स्थापन झालेले राजा राममोहन राय प्रतिष्ठान आहे, राज्य शासनाची खरेदी आहे. पण खरेदी कोणाच्या वतीने, याचा विसर पडला की काय होते ते मी एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर बसून पाहिले. मार्च उजाडला. अनुदान खर्ची टाकावयाचे. विक्रेता यादी घेऊन आला, सवलतीचा दर वाढवून दिला, गठ्ठे आले, नोंद झाली. कोणीही एक पान उलटले नव्हते. नंतर दोन दुपारी बसून मी बालविभागाची कपाटे चाळली. राजे, राक्षस, बोधकथा, परदेशी पऱ्या आणि शहरातील सदनिकांमध्ये राहणारी गोरीगोमटी मुले. त्या गावातून दर दिवाळीनंतर कितीतरी बिऱ्हाडे ऊसतोडीला जातात. शाळेतील बाके रिकामी होतात. त्या मुलांपैकी एकही मला त्या कपाटात खेळताना सापडले नाही. एक-दोन ठिकाणी होती, पण ती कोणाच्या तरी दयेला पात्र ठरण्यासाठी. बर्फाचा गोळा खिशात घालून घरी येण्यासारखे निव्वळ सुखाचे काही त्यांच्या वाट्याला नव्हते. मी खरेदी समितीत हे बोललो. 'सर, तशी पुस्तके निघतच नाहीत,' असे उत्तर मिळाले. १९६३ पूर्वी न्यूयॉर्कमधील प्रकाशक हेच म्हणत असत. आता काही मराठी लेखक-चित्रकार असे काम करू लागले आहेत. त्यांच्या प्रती कोण घेणार हा प्रश्न मात्र आहे तेथेच आहे.

संयोजकांनी दुसरे सत्र उद्या सकाळी ठेवले आहे. ज्यांना शक्य असेल त्यांनी आपल्या ग्रंथालयाची गेल्या वर्षीच्या खरेदीची बिले सोबत आणावीत. तक्ते आपण तेव्हा, त्या बिलांवरूनच मांडू.